ब्लोअर मशीन, जाळरेषा आणि आमच्या डोंगराचा माथा : तीन उन्हाळ्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय पाठीवर बांधून चालवायच्या, पेट्रोलवरच्या ब्लोअर मशीनचा आहे. वाळलेला पालापाचोळा जोराच्या हवेने बाजूला सारणारे हे यंत्र शहरात बागा आणि मैदाने झाडायला वापरतात. आमच्याकडे वनविभाग आणि काही गावांच्या वनहक्क समित्या ते जंगलातल्या जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत आणि पाला काढून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ ठेवण्यासाठी आणि वणवा अडवण्यासाठी वापरतात. आमचे गाव मेळघाटाच्या पायथ्याशी, परतवाड्यापासून फार दूर नसलेल्या पट्ट्यात आहे. आमच्या समितीने सीताफळाच्या आणि तेंदूपानाच्या उत्पन्नातून, ग्रामसभेत ठराव करून, पन्नास हजार रुपयांच्या आसपास किमतीचे एक यंत्र घेतले. मी त्या समितीचा सदस्य आहे आणि गेले तीन उन्हाळे ते यंत्र बहुतेक वेळ माझ्याच पाठीवर राहिले आहे. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण या वजनाची आणि ताकदीची यंत्रे अनेक कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडते.

यंत्राचा कस कशावर लावायचा हे ठरवण्यासाठी आधी आमचा डोंगर सांगावा लागेल. गावातून पहाटे निघाले तर माथ्यावर पोहोचायला अडीच तास लागतात. निम्म्या वाटेपर्यंत बैलगाडीची जुनी चाकोरी आहे, त्यानंतर नाल्याच्या काठाने पायवाट आणि शेवटी काळ्या दगडांची सुटी घसरण. वर रस्ता नाही, उन्हाळ्यात पाणी नाही आणि फोनची रेंज फक्त दक्षिणेकडच्या एका खडकावर मिळते. माथ्यावरून उत्तरेला गाविलगडाच्या रांगा एकामागे एक दिसतात. त्यांतले वैराट, 1178 मीटर उंचीचे, या रांगेतले सर्वांत उंच ठिकाण आहे. दक्षिणेला पाहिले की अचलपूरकडच्या संत्र्याच्या बागा हिरव्या चौकटींसारख्या दिसतात. आमच्या सामूहिक वनहक्काची हद्द या माथ्याच्या धारेपर्यंत आहे. धारेच्या पलीकडचा उतार आमच्याकडे नाही, परंतु आग हद्द पाळत नाही.

चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आग पलीकडून आली. दुपारी दोनच्या सुमारास उत्तरेच्या खोऱ्यात धूर दिसला आणि आम्ही बारा माणसे हिरव्या डहाळ्या आणि कोयते घेऊन निघालो, तेव्हा आमचा अंदाज होता की धारेवर आपण तिच्या आधी पोहोचू. तसे झाले नाही. आग चढावर पळते, कारण तिच्या ज्वाळा आणि तापलेली हवा वरच्या गवताला आधीच कोरडे करून ठेवतात. उताराचा कोन दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा या विषयातल्या अभ्यासकांचा ढोबळ हिशेब आहे. आम्ही शेवटच्या घसरणीवर होतो तेव्हा माथ्यावरचे गवत पेटलेले होते. पुढच्या दोन रात्री आगीने आमच्या बाजूचा उतार खाल्ला. उतरताना ती हळू चालते हे खरे, पण जळते ओंडके आणि सालईची पेटती लाकडे घरंगळत खाली जातात आणि खाली नवी आग लावतात, त्यामुळे झोडपून विझवलेली रेघ मागे राहते आणि आपण पुन्हा आगीच्या वर सापडतो. पानगळीच्या जंगलातल्या बहुतेक आगींप्रमाणे हीही जमिनीवरून सरकणारी आग होती, झाडांच्या शेंड्यांतून पळणारी नव्हती. म्हणूनच मोठी झाडे उभी राहिली आणि दुरून पाहणाऱ्याला फार नुकसान झाल्यासारखे वाटले नाही. गेले ते गुडघ्याच्या खालचे सगळे : रोपटी, बी, पाल्याचा थर, त्या थराखालचे किडे, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी.

त्यानंतरच्या काही आठवड्यांनी मला सर्वांत जास्त फसवले, म्हणून ते इथे सांगतो. पाऊस यायच्या आधीच, मे महिन्याच्या उन्हात, काळ्या जमिनीतून तेंदूचे तांबूस कोंब वर आले. पळसाचे आले. सागाच्या जळक्या खुंटांना एका वेळी आठ-आठ, दहा-दहा फुटवे फुटले. जुलैत डोंगर इतका हिरवा झाला की गावातल्या अनेकांना वाटले, जंगल परत आले. परंतु ही सगळी हिरवळ जुन्या मुळांची होती. तेंदू, पळस, साग ही झाडे आगीनंतर मुळांतून आणि खुंटांतून पुन्हा उठतात. ज्यांना बियांपासूनच उगवावे लागते आणि ज्यांचे कोवळे रोप एकाही आगीत टिकत नाही, ती झाडे त्या हिरवळीत नव्हती. तेंदूचे हे कोंब मोठ्या आणि मऊ पानांचे असतात, आणि पानासाठी जंगल जाळण्यामागे हेच एक कारण असते. शिवाय पहिल्याच मोठ्या पावसात नाला दोन दिवस काळा वाहिला. राखेबरोबर वरची माती गेली, आणि काळ्या दगडाच्या या डोंगरावर ती माती मुळात वीतभरच आहे.

त्या पावसाळ्यानंतर ग्रामसभेत ठरले की माथ्याच्या धारेवर जाळरेषा ठेवायची. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि पुनरुज्जीवन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे, आणि पायविहीरसारख्या आमच्याच भागातल्या गावाने 2012 मध्ये हक्क मिळाल्यानंतर उजाड जमिनीवर काय उभे केले ते आम्ही जाऊन पाहिलेले होते. धार निवडण्याचे कारण साधे आहे : चढून आलेल्या आगीचा जोर धारेवर मोडतो, कारण पुढे तिला उतार मिळतो. जाळरेषेची जुनी पद्धत आहे की दिवाळीनंतर गवत कापायचे, वाळू द्यायचे आणि पानगळ वाढण्याआधी, थंड वेळ पाहून, माणसे उभी करून ते जाळायचे. वनविभागाचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरला जातो आणि तोपर्यंत रेषा तयार असावी लागते. आम्ही वनरक्षकांच्या देखरेखीखाली पहिली रेषा अशीच केली, सहा मीटर रुंद.

अडचण त्यानंतर सुरू होते, आणि या यंत्राची खरी गरजही तिथेच आहे. साग जानेवारीपासून पाने टाकतो, मग सालई, मोह, ऐन, प्रत्येकाची आपापली वेळ. फेब्रुवारीत लख्ख केलेली रेषा मार्चच्या मध्यात पुन्हा पानांनी भरते. सागाचे वाळलेले पान ताटाएवढे असते, त्याखाली हवा खेळते आणि ते कागदासारखे पेटते. अशा पानांनी भरलेली जाळरेषा ही आगीसाठी पूल असते. म्हणजे रेषा एकदा करून भागत नाही, ती मेपर्यंत दर दहा-पंधरा दिवसांनी झाडावी लागते. यंत्र येण्याआधी एक महिना आम्ही हे काम काट्यांच्या फांद्यांनी आणि खराट्यांनी करून पाहिले. सहा माणसांना माथ्यावरची रेषा एकदा झाडायला चढउतार धरून दोन दिवस लागत, आणि मार्च महिना हा मोह वेचण्याचा असल्यामुळे सहा माणसे मिळणेच कठीण होते.

ब्लोअरने हेच काम दोन माणसे एका सकाळी करतात. एक यंत्र चालवतो, दुसरा पुढे चालत मोठ्या फांद्या आणि दगडांत अडकलेले ओंडके बाजूला करतो, आणि दर अर्ध्या तासाने दोघे जागा बदलतात. सागाच्या पानांवर यंत्राचा परिणाम इतका चांगला आहे की पहिल्या दिवशी आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो : पाने आठ-दहा पावलांवर जाऊन पडतात आणि मागे मुरूम उघडा पडतो. सालईच्या आणि आवळ्याच्या बारीक पानांना जास्त वेळ लागतो, कारण ती दगडांच्या फटींत बसतात. उभ्या गवतावर यंत्राचा काहीही उपयोग नाही. रोशा आणि कुसळीचे वाळलेले गवत फक्त वाकते आणि पुन्हा उभे राहते. ते आधी कापावेच लागते. हे विक्रेता सांगत नाही आणि त्याच्या दुकानासमोरच्या सिमेंटच्या अंगणात ते कळतही नाही.

वजनाचा विचार घेणाऱ्याने नीट करावा. कोरडे यंत्र दहा किलोच्या आसपास भरते, टाकी भरली की त्यात दीड किलोची भर पडते, आणि वर पाणी नसल्यामुळे पिण्याचे पाणी, सुटे पेट्रोल, कोयता आणि भाकरी यांचे ओझे वेगळे. सपाट रेषेवर हे वजन जाणवत नाही, कारण पट्टे रुंद आहेत आणि पाठीला टेकणारा भाग स्प्रिंगवर असल्यामुळे हादरे कमी लागतात. शेवटच्या घसरणीवर मात्र ते माणसाला मागे ओढते. आम्ही तिथे यंत्र पाठीवरून उतरवून दोरीने वर घेतो. ज्या गावांचे जंगल रस्त्याच्या कडेला आहे त्यांना ही अडचण येणार नाही. ज्यांचे जंगल आमच्यासारखे माथ्यावर आहे त्यांनी घेण्याआधी भरलेल्या टाकीसह यंत्र पाठीवर घेऊन एखादी टेकडी चढून पाहावी, आणि विक्रेता त्याला तयार नसेल तर दुसरा विक्रेता पाहावा.

इंजिन दोन स्ट्रोकचे आहे. आमच्या यंत्राला एक लिटर पेट्रोलमध्ये वीस मिलिलिटर टू-टी ऑइल लागते, म्हणजे पन्नासास एक. हे माप डोळ्यांच्या अंदाजाने करू नये. ऑइल कमी पडले तर इंजिन घासून जाते आणि जास्त झाले तर धूर आणि काजळी वाढते. पूर्ण ताकदीने चालवले तर आमचा अनुभव तासाला सुमारे दीड लिटरचा आहे. आवाज फार मोठा आहे. कानांवर संरक्षक लावल्याशिवाय आम्ही कोणालाही यंत्र चालवू देत नाही, आणि त्याचा एक परिणाम असा की चालवणाऱ्याला मागून दिलेली हाक ऐकू येत नाही. अस्वलांच्या जंगलात ही गंभीर बाब आहे. दुसरा माणूस बरोबर असलाच पाहिजे, हा नियम आम्ही याच कारणाने लिहून ठेवला आहे.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येक समितीला कळकळीने सांगतो. धुराड्याच्या तोंडाशी एक बारीक तारेची जाळी असते. इंजिनातून निघणारी ठिणगी बाहेर पडू नये म्हणून ती बसवलेली असते. काजळीने ती बुजली की इंजिनाचा दम जातो, यंत्र गुरगुरते आणि हवा कमी देते. पहिल्याच वर्षी आमचे यंत्र असे बसले तेव्हा ज्या कारागिराकडे आम्ही ते नेले तो म्हणाला, “भाऊ, थे जाळी काढून फेका, मंग पाहा मशीन कशी पयते.” त्याने मनापासून सांगितले होते आणि यंत्र खरोखर पळालेही असते. परंतु जंगलाला आग लागू नये म्हणून घेतलेले यंत्र, ठिणगी रोखणारी जाळी काढून, एप्रिलमधल्या सागाच्या पाल्यात चालवणे म्हणजे आग पाठीवर बांधून फिरणे आहे. जाळी काढायची ती फक्त तारेच्या ब्रशने घासून पुन्हा बसवण्यासाठी. आम्ही ती दर आठ-दहा तासांच्या कामानंतर घासतो आणि एक जाळी पिशवीत जास्तीची ठेवतो. तापलेले यंत्र पाल्यावर किंवा गवतावर टेकवू नये, पेट्रोल भरण्याआधी ते उघड्या मुरमावर ठेवून दहा मिनिटे निवू द्यावे, आणि पेट्रोल पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतून न नेता पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यातून न्यावे. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत हे सगळे आहे, पण मराठीत नाही. जंगलात काम करणाऱ्या माणसाला विकल्या जाणाऱ्या यंत्राची सुरक्षेची पाने त्याच्या भाषेत नसणे हा माझ्या मते या वस्तूचा सर्वांत मोठा दोष आहे.

पाला कोणत्या बाजूला उडवायचा, हा प्रश्न लहान वाटतो आणि तसा तो नाही. पहिल्या वर्षी आम्ही तो जिकडे सोपा जाईल तिकडे उडवला आणि रेषेच्या दोन्ही कडांना गुडघाभर राशी झाल्या. आग आली असती तर तिला रेषेच्या काठावरच सरपण मिळाले असते आणि ज्वाळा रेषेवरून पलीकडे वाकल्या असत्या. आता आम्ही पाला आगीच्या बाजूला कधीच टाकत नाही. तो आपल्या, म्हणजे वाचवायच्या बाजूला उडवतो आणि नळी हलवत दूरवर विरळ पसरवतो.

यंत्राची परीक्षा दुसऱ्या उन्हाळ्यात झाली. पुन्हा एप्रिल, पुन्हा उत्तरेचा उतार. या वेळी डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा उपग्रहावर आधारलेला संदेश मोबाइलवर आला होता, कारण आम्ही त्यासाठी नोंदणी करून ठेवली होती. ती कोणालाही करता येते. अशा संदेशाने नेमकी जागा मिळत नाही, कोणत्या खोऱ्यात आहे ते कळते, आणि झाडांखालची लहान आग उपग्रहाला दिसेलच असे नाही, म्हणून माथ्यावरचा माणूस काढून टाकता येत नाही. त्या दिवशी आमचे दोन अंगारी, म्हणजे आगीवर नजर ठेवायला नेमलेले मजूर, वरच होते आणि रेषा पाच दिवसांपूर्वी झाडलेली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा आग धारेच्या खाली होती. जिथे रेषेवर नवा पाला साचला होता तेवढा भाग मी पुन्हा उडवला, आणि वनरक्षकांनी रेषेच्या काठावरून समोर जाळ सोडला, म्हणजे येणाऱ्या आगीला खायला काही उरू नये. ज्वाळांच्या अगदी जवळ हे यंत्र वापरू नये. हवा आगीला बळ देते आणि निखारे उडवते, आणि एकदा माझ्या हातून नळी चुकीच्या दिशेने फिरल्यावर चार-पाच निखारे आमच्या बाजूला पडले, ते मागच्या माणसाने डहाळीने लगेच दाबले. संध्याकाळी सातपर्यंत आग धारेवर मोडली. उत्तरेचा उतार जळाला, दक्षिणेचा वाचला.

म्हणून आज माथ्यावर उभे राहिले की एकाच डोंगराची दोन रूपे दिसतात, आणि यंत्राविषयीचे माझे मत शेवटी त्या दृश्यावर बेतलेले आहे.

उत्तरेच्या उतारावर हिरवळ आहे, पण ती एकाच उंचीची आहे. तेंदूचे आणि पळसाचे फुटवे, त्यांच्यामधून रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, काटेरी जाळी, आणि वर मोठे साग. मधल्या वयाचे झाड जवळजवळ नाहीच. मोठ्या सागांच्या आणि धावड्यांच्या बुंध्यांना चढाकडच्या बाजूने काळी जखम आहे. ही जखम नेहमी त्याच बाजूला असते, कारण घरंगळणारा पाला झाडाच्या वरच्या अंगाला साचतो आणि आग तिथे जास्त वेळ रेंगाळते. दर आगीत ती खोल जाते, खोड पोकळ होते आणि एखाद्या वादळात झाड बसते. उत्तरेला ऊन कमी आणि ओलावा जास्त, म्हणजे खरे तर जंगल तिकडे लवकर सावरायला हवे होते.

दक्षिणेचा उतार कोरडा आणि दगडाळ आहे. तिथे आगीविना तीन उन्हाळे गेले आहेत. सागाच्या खुंटांवरचे फुटवे आम्ही दुसऱ्या वर्षी विरळले आणि प्रत्येकावर एक-दोनच ठेवले. ते आता माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत. परंतु मला जास्त आनंद बियांपासून आलेल्या सागरोपांचा आहे. ही रोपे पहिली काही वर्षे उन्हाळ्यात जमिनीपर्यंत वाळतात, पावसाळ्यात पुन्हा फुटतात आणि तोपर्यंत खाली मूळ जाड करत राहतात. पाहणाऱ्याला वाटते की रोप मेले. यंदा त्यांतली काही पहिल्यांदाच उन्हाळा उभ्याने काढून हिरवी राहिली. सालईच्या जुन्या झाडांनी जळकी साल पापुद्रे काढून टाकली. आवळा, बिजा आणि चारोळी यांची रोपे पाल्यात मिळाली. एका मोठ्या खडकाच्या सावलीत धावड्याची रोपे आहेत, बोटभर उंचीची. धावड्याच्या बियांत उगवणारे बी फार थोडे असते आणि उगवलेले रोप आगीत टिकत नाही, म्हणून धावड्याचे रोप दिसणे हा मी त्या उतारावर आग न आल्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा मानतो. आमच्या समितीतल्या एका वयस्क कोरकू बाबांनी ती रोपे मला दाखवली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या माथ्यावर त्यांनी अशी रोपे कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. पाल्याचा थर आता बोटभर झाला आहे, तो उचलला की खाली पांढरी बुरशी आणि ओल लागते, अगदी डिसेंबरातही. रानकोंबड्यांनी तो पाला उकरल्याच्या खुणा सगळीकडे आहेत.

हे सगळे यंत्राने केले असे म्हणणे खोटे ठरेल. यंत्राने रेषा झाडली. रेषेवर माणसे होती म्हणून ती उपयोगी पडली. त्याच हंगामात गावातल्या बायांनी मोहाखालचा पाला जाळणे सोडले आणि झाडाखाली जुन्या साड्या व जाळ्या अंथरून मोह वेचायला सुरुवात केली. मोहाखालची लहान आग हे आमच्या भागातल्या वणव्यांचे मोठे कारण आहे, आणि ते थांबल्याचा परिणाम कोणत्याही यंत्रापेक्षा मोठा आहे. ज्या समितीकडे यंत्राचे किंवा दोन अंगाऱ्यांच्या हंगामभराच्या मजुरीचे, यांपैकी एकाचेच पैसे असतील, तिने आधी अंगारी नेमावेत.

यंत्राचे दोन तोटे जंगलाच्या अंगाने आहेत. पहिला, ते हातात आले की माणसाला सगळीकडे फिरवावेसे वाटते. पाला हे जंगलाचे खत आहे आणि त्यात पुढच्या वर्षीचे बी पडलेले असते. रेषेबाहेर तो उडवणे म्हणजे आगीने केले असते त्यातले निम्मे आपणच करणे. आम्ही रेषेबाहेर यंत्र फक्त एका कामासाठी वापरतो : पोकळ आणि जखमी जुन्या झाडांच्या, तसेच मोठ्या मोहांच्या बुंध्याभोवतीचा पाला हातभर मागे सारण्यासाठी. अशी पोकळ झाडे निकामी समजून तोडली जातात, परंतु ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांना तीच लागतात. मेळघाटात आढळणारा रानपिंगळा, जो शंभराहून अधिक वर्षे नाहीसा झाला असे मानले गेले आणि 1997 मध्ये नंदुरबार भागात पुन्हा सापडला, तोही ढोलीतच घरटे करतो. एका झाडाला दोन मिनिटे लागतात आणि माझ्या मते यंत्राचा हा सर्वांत समाधानकारक उपयोग आहे. दुसरा तोटा यंत्राच्या आवाक्याबाहेरचा आहे, पण त्याची अपेक्षा कोणी ठेवू नये म्हणून सांगतो : आग थांबली की रायमुनियाही वाढते. दक्षिणेच्या उतारावर ती आम्ही पावसाळ्यात मुळासकट उपटतो आणि उलटी टांगतो, आणि ते काम हातांनीच करावे लागते.

देखभालीत आमचा वाईट अनुभव विक्रेत्याचा आहे. विकताना त्याने सुटे भाग नेहमी मिळतील असे सांगितले. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये सुरू करण्याच्या दोरीचा भाग तुटला तेव्हा तो येण्यासाठी सतरा दिवस लागले, आणि ते सतरा दिवस आम्ही पुन्हा खराटे घेऊन वर गेलो. त्यातली चूक आमचीही होती, कारण आम्ही यंत्र पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवूनच बंद केले होते आणि अशा यंत्राला सुरू करताना दोरी फार ओढावी लागते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढते आणि आतल्या रबरी नळ्या खराब करते. जूनमध्ये टाकी रिकामी करावी, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, हवेचा फिल्टर धुऊन वाळवावा आणि यंत्र पोत्यात गुंडाळून कोरड्या जागी टांगावे. उंदरांनी आमची एक नळी कुरतडली होती, म्हणून टांगावे असे मुद्दाम लिहिले.

पायथ्याच्या सपाट जंगलासाठी मी हे यंत्र निःशंकपणे सुचवतो. दूरच्या माथ्यासाठीही सुचवतो, परंतु रेषा आधी कापलेली असेल, वर दोन माणसे कायम असतील आणि चालवणाऱ्यांना कोणीतरी मराठीत नीट शिकवलेले असेल तरच. पाचांपैकी गुण द्यायचे तर पाला उडवण्याच्या कामाला मी साडेचार देईन, चढावरच्या वाहतुकीला तीन, आणि विक्रीनंतरच्या सेवेला दीड.

या दिवाळीनंतर आम्ही दुसरे यंत्र घेत आहोत. ग्रामसभेने त्यासाठी पाच गोष्टी विक्रेत्याकडून लेखी मागितल्या आहेत : ठिणगीच्या दोन जादा जाळ्या, एक जादा हवेचा फिल्टर, सुरू करण्याच्या दोरीचा पूर्ण संच, हंगामात तीन दिवसांत दुरुस्तीची हमी, आणि माथ्यावर येऊन एक दिवसाचे शिक्षण. चार गोष्टींना होकार आला आहे. पाचवीसाठी आम्ही थांबलो आहोत.